रुपचंददादा, तुझा बकासुर मरत नव्हता

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

एरंडोल,
१७ सप्टेंबर १९९४

ती. रुपचंददादास,

लताचा, उभ्याने करता येईल तेवढा वाकून नमस्कार. (बसून वाकण्याची सोय नाही. पाठ धरली आहे. का धरली, ते खाली येईलच.) इकडे सगळे खुशाल आहेत. सुनंदाकाकूचा गुडघा गणपती बसल्यापासून दुखायचा थांबला आहे, कारण दुखायला त्याला सवडच मिळालेली नाही. आबांचा खोकला आहे तसाच आहे, पण हल्ली ते मी समोर असले की खोकतात आणि मी उठून गेले की थांबतात, त्यावरून तो छातीतला नसून विचारातला असावा. तुझी प्रकृती कशी आहे? पुण्याच्या खानावळीत भाकरी मिळते की अजून त्या पातळ पोळ्यांवरच दिवस काढतोस? काकू रोज विचारते. मी रोज काहीतरी सांगते.

दादा, पत्राला कारण की, तुझा बकासुर मरत नव्हता.

तू म्हणशील, मागच्या वर्षी तर चांगला मरत होता. होता, कबूल. भीमसेन मित्र मंडळाची बकासुरवधाची हलती आरास तू उभी केलीस, लोटनभाऊंच्या सिमेंटच्या दुकानातलं कॉम्प्युटरचं मशीन स्टेजखाली आणून बसवलंस, प्रिंटरच्या जागी मोटारींच्या वायरी खुपसल्यास, आणि भीमाने गदा उचलली की अख्खं एरंडोल टाळ्या वाजवायचं. वाजवणारच. ही एकचक्रानगरी, बकासुर आमच्याच गावचा, दुसऱ्या कुठल्या गावात त्याला मारलं तर आमच्या लोकांना ते अतिक्रमण वाटतं. पण दादा, मागच्या वर्षी प्रत्येक खेळ संपला की तू मशीन बंद करून परत चालू करायचास. आम्हाला वाटायचं, मशीनला विश्रांती देतोस. केवढा जीव लावतो पोरगा मशीनला, असं आबासुद्धा म्हणाले होते. यंदा तू नोकरीवर पुण्याला, आणि विश्रांतीचं तू कोणाला सांगून गेला नव्हतास.

शिवाय लोटनभाऊंनी यंदा आरास वाढवली. दृश्यांची फाईल कशी बदलायची ते तूच त्यांना एसटीडीवरून शिकवलं होतंस ना? ते शिकले. (अध्यक्ष माणूस, एकदा शिकला की थांबत नाही.) त्यांनी एक कुंती आणली, आशीर्वादाला हात वर करणारी, आणि शेवटी एक आरतीचं दृश्य घातलं, त्यात सगळ्यांनी हात जोडायचे. छगन वेल्डरने मोटारी बसवल्या, लोटनभाऊंनी फाईलमध्ये नावं घातली, नारळ फुटला, पडदा उघडला. कुंतीने हात वर करायची वेळ आली. कुंती जागची हलली नाही. तिच्या ऐवजी पलीकडे बकासुराने भला मोठा जबडा उघडला. परत वेळ आली, परत जबडा. समोर बसलेल्या बायकांना वाटलं, राक्षस कुंतीमातेला बघून जांभया देतोय. त्यांना राग आला.

पुढे भीमाने त्याला मारलं, तो उताणा पडला, मेला. आरती सुरू झाली. भीमाने हात जोडले, अन्नाच्या गाड्याच्या बैलाने मान हलवली, आणि मेलेल्या बकासुराने झोपल्या जागी, अगदी हळूहळू, हात जोडले.

 मग पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या उठल्या आणि त्याच्या पाया पडल्या. लोटनभाऊंनी तिथल्या तिथे माईक घेतला. म्हणाले, "मरेल राक्षस बी गनपतीले हात जोडस. हाई बठ्ठी देवनी कृपा शे!" मी मागे उभी होते. जळगावच्या क्लासमध्ये वर्षभर कॉम्प्युटरची सी भाषा शिकलेली मी एकटीच त्या मांडवात असेन, आणि ही देवाची कृपा नसून दुसऱ्या कशाची तरी आहे हे मला तेव्हाच दिसत होतं. बरं, ती कृपाही रोजची नाही. कधी हात जोडायचा, कधी नुसता पडून राहायचा. ज्या खेळात जोडायचा नाही त्या खेळानंतर लोक एकमेकांकडे संशयाने बघायचे, की आज मांडवात कोण पापी आलंय.

मी लोटनभाऊंना म्हटलं, भाऊ, मी एकदा प्रोग्रॅम बघू का? ते म्हणाले, "पोरी, हात लावू नको, शॉक लागी." मंडळाचे बाकीचे कार्यकर्ते हसले. छगनला स्वतःला आदल्या दिवशीच दोनदा शॉक लागला होता, तोही हसला. मी घरी आले.

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते झालं.

खेळामागून खेळ चालले होते, गर्दी खूप, मशीनला विश्रांती नाही. भीमाने गदा उचलली, मारली, बकासुर पडला. भीमाने परत मारली. परत मारली. थांबेचना. पडलेल्या राक्षसावर गदा अशी बसत होती की प्लास्टरचं डोकं तडकलं, एक शिंग उडून आबांच्या मांडीत पडलं. (आबांनी ते अजून जपून ठेवलंय, का कोण जाणे.) पोरं रडायला लागली. छगनने मशीनकडे धाव घेतली, तर पडद्यावर एकच ओळ. तुला माहीत आहे कोणती. 'समथिंग राँग. कॉल रुपचंद.'

दादा, काय चुकलं हे न सांगता नुसतं काहीतरी चुकलंय म्हणणं, हे एक वेळ आपल्या घरात चालतं. प्रोग्रॅममध्ये चालत नाही रे! पण छगन बिचारा आज्ञाधारक माणूस. मशीन म्हणतं रुपचंदला बोलवा, तर बोलवायला पाहिजे. त्याने माईक हिसकावला आणि गावभर पसरलेल्या कर्ण्यांवरून ओरडला, रुपचंद असतील तिथून ताबडतोब स्टेजजवळ यावे, रुपचंद असतील तिथून ताबडतोब स्टेजजवळ यावे.

आता तू पुण्याला. तू काही आला नाहीस. पण हे काकूने घरात ऐकलं. आईच ती, तिला वाटलं, पोरगा न कळवता आला, थेट मंडळात गेला. ती परातीतलं पीठ तसंच टाकून, हाताला कणीक, पायात एकच चप्पल, अशी धावत मांडवात शिरली. "कोठे शे मन्हा रुप्या? रुप्या उना का?" तोवर कोणीतरी भिंतीवरचं मेन बटण बंद केलं होतं, त्यामुळे भीम थांबला होता, पण दिवेही गेले होते. अंधारात काकू एकेकाचं तोंड चाचपून बघत होती. लोटनभाऊंच्या मिशांना कणीक लागली. मी तिला धरलं आणि सांगितलं, काकू, दादा नाही आला, त्याचं नुसतं नाव आलंय पडद्यावर.

 दादा, एवढं एक मी विनोदाने लिहू शकत नाही. ती खुर्चीवर बसली आणि पदराने हात पुसत राहिली, हात पुसून झाले तरी.

मग एकदम उठली. दिवे आले होते. मला हाताला धरून लोटनभाऊंसमोर उभं केलं आणि म्हणाली, "मन्हा पोऱ्यानं नाव तठे लिखेल शे ना? मंग त्यानी बहीनच दखी ते." लोटनभाऊ शॉकचं काहीतरी बोलायला गेले. काकू म्हणाली, "लागू दे!" (हे माझ्या वतीने तिने परस्पर ठरवलं.) अशी मी तुझ्या मशीनवर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने जळगावला जाऊन क्लासमधून अख्खा प्रोग्रॅम कागदावर छापून आणला. तो भोकाभोकांचा लांब कागद स्टेजखाली बकासुराच्या पोटाच्या मागे पसरला आणि त्यावर पालथी पडून वाचत राहिले. पाठीचं दुखणं ते हे. काकू शेजारी बसून वाती वळत होती. म्हणाली, पोर एकटी पुरुषांच्या मंडळात कशी बसेल. खरं म्हणजे तिला तुझं अक्षर बघायचं होतं. छापलेल्यात अक्षर कसलं, पण मी तिला सांगितलं, हे सगळं दादाने लिहिलंय, आणि ती मधून मधून कागदावरून हात फिरवत होती.

पहिलं सापडलं ते कुंतीचं. दादा, तू प्रत्येक पात्राच्या नावाला जेमतेम दहा अक्षरांची जागा ठेवलीस आणि तिला लागूनच त्याच्या मोटारीचा नंबर. इंग्रजी अक्षरांत नुसतं 'कुंतीमाता' लिहिलं असतं तर त्यात मावलं असतं. पण फाईल लोटनभाऊंनी लिहिली. मी विचारलं, भाऊ, नाव काय घातलंत? ते म्हणाले, "मायले नुसतं कुंती म्हनू? मान द्याले पाहिजे." त्यांनी 'श्रीमती कुंतीमाता' लिहिलं होतं. ते नाव जागेतून सांडलं, शेजारचा मोटारीचा नंबर पुसून बसलं, आणि त्या पुसापुशीतून जो नंबर तयार झाला तो निघाला बकासुराच्या जबड्याचा! मला इतका आनंद झाला की मी उठायला गेले आणि डोकं स्टेजच्या फळीवर आपटलं. वर छगन काम करत होता, त्याला वाटलं भूकंप. आता नाव कितीही मोठं द्या, मावेल तेवढंच घेतलं जातं, आणि बाकीचं कापलं म्हणून पडद्यावर सांगितलं जातं. लोटनभाऊंनी लगेच तपासायला म्हणून स्वतःचं नाव सगळ्या पदव्यांसकट घातलं. कापलं गेलं. माझ्यावर थोडे नाराज आहेत.

मग भीमाचं. तू दर खेळाला दृश्यांची फाईल नव्याने वाचतोस, तिच्यासाठी मशीनच्या स्मरणात मॅलॉक करून नवी जागा घेतोस, आणि जुनी परत करतच नाहीस; मशीन बंद केलं की ती आपोआप परत जाते, तुझी 'विश्रांती' ती हीच. काकूने विचारलं, काय शोधतेस एवढं? मी म्हटलं, काकू, असं समज, मंडळाच्या खोलीतून दर पंगतीला एक पातेलं आणायचं आणि परत ठेवायचं नाही. एक दिवस खोली रिकामी होते, आणि हा आचारी एवढा घाईचा, की हातात पातेलं आलं की नाही हेही न बघता आमटी ओततो. काकू लगेच म्हणाली, "मन्हा रुप्या धाकला व्हता तवयपासून तसाच शे. शेजारनीना पेला आने, परत करे नही." मग बकासुराचं सांगितलं. मेला की त्याची जागा तू मोकळी करतोस, इथवर शहाणपणा आहे. पण आरतीच्या यादीत त्याचा पत्ता तसाच राहतो, आणि तू त्या पत्त्यावर जाऊन म्हणतोस, हात जोड. जागेवर तोवर दुसरं कोणी बसलं नसेल तर बिचारा जोडतो. म्हणजे पातेलं परत दिलं, तरी त्यातच वाढत राहायचं. काकूने कपाळाला हात लावला. "दुसराना पातेलामा आपली भाजी? लाज नही वाटनी त्याले?"

रागावू नकोस. मी तिला म्हटलं, सगळ्यांच्या हातून होतं. ती म्हणाली, तुझ्या हातून झालं का? मी पुढचा कागद उलगडला.

आणि मग ते 'कॉल रुपचंद'. दादा, तुझ्या प्रोग्रॅममध्ये कुठेही काही बिघडलं की तो निरोप टाकून सरळ घरी निघून जातो, मागे मोटारी चालू! मी सगळ्या बिघाडांना एकच वाट करून दिली. आधी मोटारी थांबवायच्या, मग उघडलेलं मिटायचं, घेतलेलं परत करायचं, आणि मग काय झालं, कुठे झालं ते धड सांगायचं. फाईल वाचता आली नाही तर रडत बसायचं नाही, आधीची मशीनच्या स्मरणात आहे तिच्यावर खेळ चालू ठेवायचा. नवी पूर्ण हातात आल्याशिवाय जुनी सोडायची नाही. हे लिहिताना मला काय वाटत होतं ते कसं सांगू! प्रत्येक ओळीला वाटायचं, आता इथून पाणी झिरपणार नाही, आता इथूनही नाही. काकू वाती वळत होती आणि मी हसत होते. मंडळाचे लोक वाकून बघून जात.

आरास स्पर्धेचे परीक्षक जळगावहून आले त्या दिवशी मी मशीनसमोर, काकू माझ्या शेजारी, आबा पहिल्या रांगेत. पडदा उघडायच्या बेतात छगन मला म्हणतो, दृश्यांची फ्लॉपी मी नीट सांभाळून ठेवली होती हं, धूळ लागू नये म्हणून. कुठे ठेवलीस? कर्ण्यावर. दादा, कर्ण्याच्या लोहचुंबकावर! मी ओरडणार, तेवढ्यात खेळ सुरू झाला. मशीनने फ्लॉपी चाचपली, करकर आवाज आला. मग पडद्यावर ओळ आली. 'दृश्यांची फाईल वाचता येत नाही. आधीच्या दृश्यांवर खेळ चालू ठेवतो.' आणि कुंतीने हात वर केला! बैलाने मान हलवली. भीम जेवला, उठला, गदा उचलली, एकदा मारली, आणि थांबला. बकासुर पडला आणि पडून राहिला.

मी खुर्चीवरून उडीच मारली. काकू घाबरली. "काय व्हयनं वं पोरी?" मी म्हटलं, "काहीच नाही झालं, काकू! काहीच नाही झालं!" आणि तिला मिठी मारली. माईक चालू होता, अख्ख्या मांडवाने ऐकलं. परीक्षकांतले एक गृहस्थ वाकून विचारायला लागले, काय झालं? मी त्यांनाही तेच सांगितलं. त्यांना ते समजलं नाही. तुला समजेल. दादा, आत एवढं मोठं मोडलं आणि बाहेर कोणालाही कळलं नाही, यासारखा आनंद मला तरी कशात मिळालेला नाही. दहावीच्या निकालातही नाही.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं हुकलं, कारण परीक्षकांनी जळगावातच ऐकलं होतं की एरंडोलचा राक्षस मेल्यावर हात जोडतो, आणि ते खास तेच बघायला आले होते. खेळ संपल्यावर ते पडलेल्या बकासुराकडे बराच वेळ बघत उभे राहिले. लोटनभाऊ माझ्याकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांचं शिष्टमंडळ घरी आलं, की आमच्या राक्षसाला तू बिघडवलंस. शेवटी मी त्याला परत हात जोडायला लावलं. पण दादा, आता तो उधारीच्या जागेत जोडत नाही. त्याची जागा आरती होईपर्यंत मोकळी करायचीच नाही, असं लिहून दिलंय. आता तो प्रत्येक खेळात, न चुकता, स्वतःच्या हक्काच्या जागेत हात जोडतो. गाव खूश आहे. लोटनभाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आमची पोर आहे, शॉकला भीत नाही.

बाकी काही विशेष नाही. तब्येतीला जप. काकूला पत्र पाठव, आणि जरा मोठं पाठव.

तुझी धाकटी बहीण,
लता

ता. क. – सोबत पुठ्ठ्यात बांधून फ्लॉपी पाठवते आहे. तीत दुरुस्त केलेला प्रोग्रॅम आहे, आणि कुठे काय होतं, काय केलं, ते प्रत्येक ठिकाणी लिहिलंय. काकूला आलेल्या मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की तुमच्या कंपनीला सी येणारी माणसं मिळत नाहीत. (तुझी पत्रं तिला मीच वाचून दाखवते, हे तू विसरतोस.) तर ही फ्लॉपी तुझ्या साहेबांना दाखव. आज दाखवलीस तर आजच.

ता. क. २ – आधीचा प्रोग्रॅम कोणाचा होता हे साहेबांना सांगायची काही गरज नाही. मी फ्लॉपीत तुझं नाव कुठेही घातलेलं नाही. घालायला एकच ओळ लागते, पण नाही घातलेलं.

ता. क. ३ – शिरपूरचं एक स्थळ आलं आहे. मुलगा चांगला आहे म्हणतात, असेलही. मी आबांना सांगितलं की दादाच्या कंपनीत माझी नोकरी पक्की झाली आहे, दादाचं तसं पत्र आलंय. तसं तुझं पत्र आलेलं नाही हे तुला माहीतच आहे. आबा मोठा खोकला काढून म्हणाले, मी स्वतः त्याला विचारतो. विसर्जन होऊन पाव्हणेरावळे गेले की ते स्टँडवरच्या एसटीडीवरून तुझ्या ऑफिसात फोन लावतील. फोन आला की 'हो' म्हण. बाकीचं मी तिथे आल्यावर बघू.

ता. क. ४ – हे काकूला माहीत आहे. 'दादाचं पत्र आलंय' हे तिनेच सुचवलं. ती म्हणते, 'हो' म्हणताना तुझी जीभ अडखळली तर ती स्वतः पुण्याला येईल, आणि राहील.